इंटरव्ह्यूत 'आम्ही' कमी, 'मी' जास्त: कोकणातल्या घरातून आयटी कंपनीत जायचं तर

दरवर्षी इंजिनिअरिंगचे रिझल्ट लागले की मला गावातनं फोन सुरू होतात. "बाबू, झिलाचा इंजिनेरिंग झाला, तुझ्या कंपनीत बघ मरे कायतरी." मी बघतो, रेफरल म्हणजे कंपनीत शिफारस टाकतो, पण रेफरलने फक्त एवढंच होतं की रिझ्युमे कोणीतरी उघडून वाचतं, पुढचं सगळं त्या झिलालाच (मुलालाच) करायचं असतं. तेच तेच फोनवर किती वेळा सांगणार, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय, लांब आहे, चहा घेऊन बसा.

माझं थोडक्यात. देवगड तालुक्यातला, ११ वर्षं सॉफ्टवेअरमध्ये, आधी पुण्यात सर्व्हिस कंपनी (दुसऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करून देणारी), मग प्रॉडक्ट कंपनी (स्वतःचं सॉफ्टवेअर बनवणारी), आणि २०२१ पासून वर्षातले सात-आठ महिने घरूनच काम. गेली चार वर्षं इंटरव्ह्यू घेण्याच्या बाजूलाही बसतोय आणि तिथनं एक गोष्ट स्वच्छ दिसली. आमची पोरं नाक्यावर बसून अख्ख्या जगाची मापं काढतील, पण स्वतः केलेल्या कामाबद्दल विचारलं की "हां, केलंय थोडंफार" म्हणून गप्प.

एक मुलगा आठवतो, कुडाळच्या बाजूचा. मी विचारलं प्रोजेक्टमध्ये काय केलं. "सर, आम्ही टीमने होमस्टे बुकिंगचं ॲप केलं." तू काय केलंस? "थोडं बॅकएंड." बॅकएंडमध्ये, म्हणजे ॲपच्या पडद्यामागच्या भागात, काय? "पेमेंटचं बघत होतो." मग मी खणत बसलो, दहा मिनिटांनी कळलं की तारकर्लीला रेंज गेल्यावर पेमेंट अर्धवट अडकायचं, पैसे कापले जायचे पण बुकिंग दिसायचं नाही, आणि हे परत तपासून जुळवायचा सगळा कोड त्याने एकट्याने लिहिला होता, दोनदा पैसे कापले जाऊ नयेत म्हणून प्रत्येक व्यवहाराला वेगळा नंबर देऊन. हे पहिल्या मिनिटाला सांगायचं ना बाबा! माझ्याकडे वेळ होता म्हणून खणलं. पुढच्या राउंडवाल्याने खणलं नाही, "कॉन्ट्रिब्युशन क्लिअर नाही" असं लिहून रिजेक्ट केलं. माझं मत दोन विरुद्ध एक झालं आणि विषय संपला.

आधी कंपनी कुठल्या जातीची ते ओळखा

सर्व्हिस कंपन्या म्हणजे टीसीएस, इन्फोसिस, विप्रो वगैरे, फ्रेशर्स हजारांनी घेतात, आधी ॲप्टिट्यूड आणि साधं कोडिंग असलेली ऑनलाइन टेस्ट, मग एक टेक्निकल आणि एचआर. टीसीएसची एनक्यूटी ही त्यातलीच एक टेस्ट. इथे अर्धी लढाई टेस्टची आहे, टाइमर लावून गणितं सोडवायची सवय पाहिजे, आणि दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग दरवर्षी वर असतो तेव्हा हे आपल्याला जड जायचं कारण नाही.

प्रॉडक्ट कंपनीचं तंत्र वेगळं. रिक्रूटरचा फोन, एक कोडिंग टेस्ट, मग दोन ते चार राउंड प्रत्येकी पाऊण-एक तासाचे: डेटा स्ट्रक्चरचे (माहिती कशी रचून ठेवायची त्याचे) प्रश्न, थोडा अनुभव असेल तर सिस्टिम डिझाइन म्हणजे मोठ्या सॉफ्टवेअरची मांडणी, आणि एक बिहेवियरल, म्हणजे तुम्ही कसे वागलात त्याचे प्रश्न. सगळं मिळून तीन ते सहा आठवडे जातात, मधे पंधरा दिवस गप्प बसतात, घाबरू नका, आठवड्याने एक नम्र मेल टाका.

स्टार्टअपमध्ये कधी दोन दिवसांत ऑफर येते तर कधी "हे घरून करून आणा" म्हणून असाइनमेंट देतात. ती असाइनमेंट चार-पाच तासांच्या वरची असेल तर विचारा की नक्की किती अपेक्षित आहे. फुकट काम करून घेणारेही असतात.

आणि एक, कुठलीही कंपनी नोकरीसाठी डिपॉझिट, ट्रेनिंग फी, लॅपटॉपचे पैसे मागत असेल तर ती कंपनी नाही, फोन ठेवा. ओरिजिनल सर्टिफिकेटं ठेवून घेणाऱ्याकडेही जायचं नाही, दाखवायची आणि परत घ्यायची.

रिझ्युमे

एक पान. फोटो नको, वडिलांचं नाव नको, छंद नको (क्रिकेट सगळेच खेळतात). लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम तर अजिबात नको, मी बहुतेक शंभर बघितल्यात. त्यापेक्षा घरातलं खरं दुखणं सोडवा. आमच्या ओळखीतल्या एका मुलीने काकांच्या आंब्याचा हिशोब ठेवणारं छोटं ॲप केलं, वाशीच्या मार्केटला किती पेट्या गेल्या, किती डझनी होत्या, काय दर लागला, भाडं, हमाली, कमिशन वजा जाऊन हातात काय आलं. दिसायला भिकार होतं, पण काका दोन सीझन वापरत होते. इंटरव्ह्यूत तिला अर्धा तास त्याच्यावरच विचारलं, कारण खऱ्या वापरातनं खरे प्रॉब्लेम येतात: बागेत रेंज नाही मग ऑफलाइन कसं चालवलंस, दोन फोनवरनं एकच पेटी नोंदली गेली तर काय, दलालाची हिशोबाची पट्टी चार दिवसांनी आली तर आधीची नोंद बदलायची की नवीन टाकायची. या प्रश्नांची उत्तरं पुस्तकात नसतात, तिच्याकडे होती.

रिझ्युमेतली प्रत्येक ओळ क्रियापदाने सुरू करा आणि तिथे तुमचं स्वतःचं काम लिहा. आकडा असेल तर आकडा, पण खरा. "परफॉर्मन्स ४०% वाढवला" लिहिलं की मी पहिला प्रश्न विचारणार, कसा मोजला? तिथे बरेच जण आंब्याच्या फांदीसारखे कडकन मोडतात.

गोष्टींची वही

हे सगळ्यात कमी लोक करतात आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. शंभर पानी वही घ्या, आठ-दहा गोष्टी लिहा. केव्हा भांडण झालं, केव्हा चूक केली, केव्हा डेडलाइन हुकली, केव्हा कोणाला तरी पटवलं, केव्हा स्वतःहून काहीतरी शिकून केलं. प्रत्येकीत चार गोष्टी: परिस्थिती काय होती, तुमच्या अंगावर काय होतं, तुम्ही काय केलंत, शेवटी काय झालं. याला स्टार म्हणतात इंग्रजीत. पहिले दोन भाग मिळून तीन-चार वाक्यांत आटपा, सगळा वेळ तिसऱ्याला द्या, कारण मार्क त्यालाच आहेत.

ॲमेझॉनकडे १६ लीडरशिप प्रिन्सिपल्स आहेत, त्यांच्या वेबसाइटवर उघड लिहिलेली, आधी १४ होती, २०२१ मध्ये दोन वाढवली. तिथल्या इंटरव्ह्यूत जवळजवळ प्रत्येक जण त्यातल्या एक-दोन तत्त्वांवर प्रश्न विचारतो. म्हणजे पेपर फुटल्यासारखाच आहे, तरी लोक न वाचता जातात! शिवाय तिथे 'बार रेझर' म्हणून एक जण असतो, तो ज्या टीमसाठी भरती चाललीय त्या टीमचा नसतो, टीमला घाई असली तरी हा घाई करत नाही.

आता ते 'आम्ही'. आपल्याकडे मी-मी करणाऱ्याला लोक नावं ठेवतात, मोठ्यांसमोर स्वतःचं कौतुक करायचं नाही हे लहानपणापासून अंगात भिनलंय, आणि ते वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण इंटरव्ह्यू घेणाऱ्याला तुमची टीम घ्यायची नाहीये. 'आम्ही'ने सुरुवात करा, एका वाक्यात टीमचं सांगा, आणि लगेच "त्यात माझ्याकडे अमुक होतं, मी असं केलं" वर या. वही वाचताना लाल पेनाने प्रत्येक 'आम्ही'ला गोल करा. मी माझ्या पहिल्या वहीत केले तेव्हा पान गोवर आल्यासारखं दिसत होतं.

चूक विचारली तर खरी चूक सांगा. "मी फार परफेक्शनिस्ट आहे" हे ऐकून आम्हाला जांभई येते. प्रोडक्शनच्या (खऱ्या वापरातल्या) डेटाबेसवर चुकीची क्वेरी मारली, मग कोणाला किती मिनिटांत सांगितलं, कसं निस्तरलं, परत होऊ नये म्हणून काय बदललं, असं सांगणारा माणूस आम्हाला हवा असतो.

जागा, लाईट, नेट

हा भाग पुण्या-मुंबईवाल्यांना लागत नाही, आपल्याला लागतो. माझा दुसऱ्या नोकरीचा फायनल राउंड जुलैत होता, सुट्टीला घरी आलो होतो आणि शहाणपणा करून पडवीत बसलो, उजेड चांगला म्हणून. पंधराव्या मिनिटाला पावसाची सर आली, वर पत्रे, समोरचा माणूस काय बोलतोय ते ओठांवरनं ओळखायची पाळी. आत माजघरात पळालो तर लाईट गेली. मग फोनच्या हॉटस्पॉटवरनं परत जोडलं तोवर सात मिनिटं गेली होती. माणूस चांगला होता, म्हणाला रीशेड्यूल करू. आणि मग रिक्रूटरने दोन आठवडे तारीखच दिली नाही आणि शेवटी जागा भरली म्हणून कळवलं. चूक कोणाची ते जाऊदे, तयारी माझी नव्हती.

तर आता काय करायचं ते. राउटरला छोटा डीसी यूपीएस (लाईट गेल्यावर चालवणारी बॅटरी) मिळतो, दीड-दोन हजारांपर्यंत, बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात पण काही ९ चेही असतात, अडॅप्टरवर छापलेलं असतं ते बघूनच घ्या. लाईट गेली तरी फायबर बहुतेक वेळा चालू राहतं, गेलेला असतो तो आपला राउटर, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. दुसरं, फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवा, घरात कुठल्या खिडकीत रेंज येते ते आधी बघून ठेवा आणि हॉटस्पॉट लॅपटॉपला एकदा जोडून ठेवा म्हणजे ऐनवेळी पासवर्ड शोधत बसायला नको. तिसरं, पत्र्याखाली बसायचं नाही, स्लॅबची किंवा कौलाची आतली खोली बघा. चौथं, घरात सगळ्यांना वेळ सांगा, विशेषतः ज्या वेळेला पाववाला हॉर्न वाजवत येतो आणि कुत्रे त्याच्या मागे लागतात ती वेळ टाळा, स्लॉट निवडायला देतात तेव्हा सकाळी ११ नंतरचा घ्या.

पाऊस जोरात असेल तर सुरुवातीलाच सांगून टाका: "मी कोकणात आहे, मुसळधार पाऊस आहे, कट झालं तर दोन मिनिटांत फोनवरनं परत येतो." कोणी मार्क कापत नाही, उलट माणसाने आधी विचार केलाय हे दिसतं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्याकडे कित्येक दिवस लाईट नव्हती, तेव्हापासून मी प्रत्येक टीममध्ये हे पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवतो. अगदीच भरवसा नसेल तर कणकवली, सावंतवाडी, रत्नागिरी, चिपळूण, जिथे ओळखीचं ऑफिस किंवा कॉलेजची लॅब असेल तिथली एक खोली दोन तास मागून घ्या, आपल्याकडे कोणी नाही म्हणत नाही.

कोडिंगचा राउंड: तोंड चालू ठेवा

२०१३ मध्ये गूगलच्या एचआरचे तेव्हाचे प्रमुख लाझ्लो बॉक यांनी उघड सांगितलं की ती जुनी कोडी, विमानात गोल्फचे किती बॉल मावतील छापाची, काहीच कामाची नाहीत, त्यातनं माणूस कसा काम करेल ते कळत नाही. त्यामुळे कोडी पाठ करू नका. डेटा स्ट्रक्चर मात्र अजून विचारतात, तुम्हाला आवडो न आवडो. होमब्रू नावाचं टूल (मॅकवर सॉफ्टवेअर इन्स्टॉल करायचं) ज्याने लिहिलं त्या मॅक्स हॉवेलने २०१५ मध्ये ट्विटरवर लिहिलं होतं की गूगलचे बहुतेक इंजिनिअर त्याचं टूल वापरतात, पण बायनरी ट्री (एक डेटा स्ट्रक्चर) फळ्यावर उलटा करता आला नाही म्हणून त्याला घेतलं नाही. हे बरोबर आहे का? माझ्या मते नाही. पण सराव करायचाच, आपण हॉवेल नाही.

प्रश्न कसा हाताळायचा ते एकच उदाहरण घेऊन दाखवतो, सोपंच आहे. समजा विचारलं, पेट्यांची वजनं दिलीत, अशा दोन पेट्या शोधा की दोघींचं वजन मिळून बरोबर ५० किलो. बहुतेक पोरं लगेच टाइप करायला लागतात. थांबा. आधी विचारा: वजनं क्रमाने लावलेली आहेत का? एकच वजन दोनदा येऊ शकतं का? एक जोडी पुरे की सगळ्या? जोडी नसेलच तर काय परत द्यायचं? हे चार प्रश्न विचारायला एक मिनिट लागतं आणि समोरच्याच्या वहीत पहिली बरोबरची खूण पडते.

मग साधं उत्तर तोंडाने सांगा: प्रत्येक पेटी बाकी प्रत्येक पेटीशी लावून बघायची. आणि लगेच त्याचं दुखणंही स्वतःच सांगा, एक लाख पेट्या असतील तर जवळपास ५०० कोटी जोड्या तपासाव्या लागतील. मग सुधारा. वाशीच्या गाळ्यात बसलेला हिशोब लिहिणारा मेहता काय करेल? एकेक पेटी समोरनं जाते, २२ किलोची आली, तो वहीत बघतो २८ आधी लिहिलेली आहे का, असेल तर जोडी सापडली, नसेल तर २२ लिहून ठेवतो आणि पुढची घेतो. ती वही म्हणजे हॅशमॅप, नोंद चटकन सापडणारा डेटा स्ट्रक्चर. एक लाख पेट्या, एक लाख वेळा बघणं, संपलं. आता बारीक गोष्ट: आधी बघायचं आणि मग लिहायचं, उलटं केलं तर एकच २५ ची पेटी स्वतःशीच जोडी जमवेल. हे तुम्ही स्वतः पकडलंत तर समोरचा खूश, त्याने दाखवल्यावर पकडलंत तरी चालतं, पण दाखवूनही "नाही नाही बरोबर आहे" म्हणालात तर अवघड आहे. शेवटी दोन-तीन उदाहरणं हाताने चालवून दाखवा, रिकामी यादी, एकच पेटी, दोन २५ च्या.

अडकलात तर गप्प बसू नका. माझ्या बाजूने स्क्रीनवर काय दिसतं माहितेय? एक गप्प चेहरा आणि लुकलुकणारा कर्सर. तुमच्या डोक्यात छान विचार चालू असेल पण मला काय कळणार. "मी सॉर्ट करून दोन टोकांनी आत यायचा विचार करतोय, पण त्याने मूळ जागा हरवेल" एवढं बोललात तरी मी हिंट देऊ शकतो. हिंट घेणं म्हणजे हरणं नव्हे.

इंग्रजीचं टेन्शन घेऊ नका. मराठी मिडियमवाल्यांनी छोटी वाक्यं वापरावीत, व्याकरण चुकलं तर चुकलं. समजलं नाही तर सरळ परत विचारा, मान डोलवून चुकीचा प्रश्न सोडवलात तर तो खरा तोटा. आरशासमोर नको, फोनवर रेकॉर्ड करून ऐका, पहिल्यांदा स्वतःची लाज वाटेल, तिसऱ्यांदा वाटणार नाही.

एआयबद्दल. कंपनी म्हणाली वापरा तर बिनधास्त वापरा, काही ठिकाणी आता मुद्दाम देतात. नाही म्हणाली असेल तर बाजूला चॅट उघडून वाचू नका, डोळे एका रेषेत सरकतात ते स्क्रीनवर स्वच्छ दिसतं, आणि "ही ओळ का लिहिलीस" विचारलं की वरण सांडल्यासारखं होतं सगळं.

तुम्ही काय विचारायचं

शेवटी ते म्हणतात, काही प्रश्न आहेत का? "नो सर" म्हणू नका. (आणि सर पण नको, बहुतेक ठिकाणी मॅनेजरला सुद्धा नावानेच हाक मारतात, मला सवय व्हायला सहा महिने लागले, आजही कधीतरी निसटतं.) कंपनीचं वातावरण वेबसाइटवरच्या केक कापतानाच्या फोटोंवरनं कळत नाही, ते या पाच मिनिटांत काढून घ्यायचं असतं.

माझा सगळ्यात आवडता प्रश्न: मागच्या वेळेला सिस्टिम पडली तेव्हा काय झालं, ते सांगाल का? उत्तरात माणसाचं नाव आणि शिक्षा आली तर सावध व्हा. प्रक्रिया कुठे कच्ची होती, काय लिहून ठेवलं, काय बदललं असं आलं तर चांगलं लक्षण. यामागे अभ्यास आहे. एमी एडमंडसन या संशोधक बाईंनी हॉस्पिटलांतल्या टीम तपासल्या, त्यांना वाटलं होतं चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी सापडतील, सापडल्या जास्त. कारण चांगल्या टीममध्ये लोक चुका लपवत नव्हते, बोलत होते. पुढे गूगलने स्वतःच्या १८० च्या वर टीमचा अभ्यास केला, प्रोजेक्ट ॲरिस्टॉटल म्हणून, त्यातही सगळ्यात महत्त्वाचं हेच निघालं की माणसाला न घाबरता बोलता येतं का.

आपल्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा प्रत्येक वाक्याला सगळे मिळून "व्हय म्हाराजा" म्हणतात. देवासमोर ठीक आहे, पण मी एका टीममध्ये होतो तिथे मॅनेजरच्या प्रत्येक वाक्याला तसंच चालायचं, तारीख ठरली, व्हय म्हाराजा, दोन माणसं कमी केली, व्हय म्हाराजा, आणि रिलीजच्या रात्री सगळे तीन वाजेपर्यंत जागे. म्हणून दुसरा प्रश्न हा विचारा: मागच्या महिन्यात टीमने मॅनेजरचा कुठला निर्णय बदलायला लावला? उत्तर सुचायला वेळ लागला तर समजून जा.

बाकीचे पटापट: रात्रीचा ऑन-कॉल (सिस्टिम पडली तर उठून बघायची पाळी) कोणाला आणि किती आठवड्यांनी येतो, दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळते का. कोड रिव्ह्यूला, म्हणजे दुसऱ्याने तुमचा कोड तपासायला, किती वेळ लागतो. घरून काम करणारे टीममध्ये किती जण आहेत, एकटे तुम्हीच असाल तर ऑफिसातल्या गप्पांत झालेले निर्णय तुम्हाला शेवटी कळतील. मुलींनी आणखी एक बघा, १० किंवा जास्त कर्मचारी असतील तर लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागतेच, ती कोण आहे हे एचआरला चटकन सांगता आलं पाहिजे.

ऑफर आली, नाचायच्या आधी कॅल्क्युलेटर

६ लाख सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) म्हणजे महिना ५० हजार नव्हे. हिशोब बघा. समजा बेसिक निम्मा, ३ लाख. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२% म्हणजे ३६,००० तो ६ लाखांतच धरलेला. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१%, साधारण १४,४३०, तीही त्यातच. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा भाग, १०% म्हणजे ६०,०००, मिळाले तर मिळाले. मेडिक्लेमचे समजा १०,०००. उरले ४,७९,५७०. त्यातनं तुमच्या वाट्याचा पीएफ ३६,००० आणि महाराष्ट्राचा प्रोफेशनल टॅक्स वर्षाला २,५०० गेला की ४,४१,०७०, म्हणजे महिन्याला ३६,७५० च्या आसपास. पीएफ आपलाच आहे, पण घरभाडं त्यातनं भरता येत नाही. म्हणून "सीटीसी किती" नको, "फिक्स्ड किती आणि इन-हँड किती" असं विचारा आणि ब्रेकअप लेखी मागा.

नोटीस पिरियड बघा, ९० दिवस असेल तर पुढची नोकरी शोधताना अडेल, मागून कमी होतोय का बघा. बाँड (मुदतीआधी सोडल्यास पैसे भरायचा करार) असेल तर रक्कम आणि मुदत बघा. जॉइनिंग बोनस वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास बहुतेक ठिकाणी परत द्यावा लागतो. आणि अनुभव खोटा दाखवू नका, पीएफचा यूएएन नंबर एकच असतो, आधीच्या कंपनीच्या तारखा त्यात दिसतात. दोन नोकऱ्या एकदम करायचा विचार असेल तर आठवण म्हणून सांगतो, २०२२ मध्ये विप्रोने यावरनं ३०० जणांना काढलं होतं.

जॉइन झाल्यावर

पहिले तीन महिने अडलात की अर्धा तास स्वतः झटा, मग विचारा, आणि विचारताना काय करून बघितलं ते लिहा. "नाही चालत आहे" असा मेसेज टाकून बसू नका. सकाळच्या स्टँडअपमध्ये (टीमच्या छोट्या मीटिंगमध्ये) कालचं काम दोन वाक्यांत, त्यात मी काय केलं ते. दर शुक्रवारी त्या गोष्टींच्या वहीत आठवड्याचं लिहा, अप्रेझलला मार्चमध्ये एप्रिलचं कोणाला आठवतं! कोड रिव्ह्यूत तीस कमेंट आल्या तर तो कोडवर राग आहे, तुमच्यावर नाही, मी पहिल्या वेळेला रात्रभर झोपलो नव्हतो.

घरून काम असेल तर घरच्यांनाही ट्रेनिंग लागतं. "घरातच तर असतंस, चार नारळ सोलून दे" हे आईने मीटिंगमध्ये अनम्यूट असताना म्हटलेलं आहे. दार लावून हेडफोन घातला की मी ऑफिसात, हे ठरवायला आम्हाला एक पावसाळा लागला.

आणि गणपती. जॉइन होतानाच मॅनेजरला सांगा की या पाच-सात दिवसांत मी नाही, बदल्यात दिवाळीत किंवा ख्रिसमसला ऑन-कॉल मी घेतो. आमच्या टीममध्ये केरळचा एक आहे, त्याच्या ओणमला मी बसतो आणि माझ्या गणपतीला तो, फक्त ज्या वर्षी दोन्ही सण एकाच आठवड्यात येतात तेव्हा पुण्याच्या पोराला मोदकांची लाच द्यावी लागते. रेल्वेचं रिझर्व्हेशन ६० दिवस आधी सकाळी आठला उघडतं, तेव्हा लीव्ह त्याच्या आदल्या दिवशी मंजूर करून ठेवा, आणि त्या दिवशी आठचं स्टँडअप असेल तर पंधरा मिनिटं पुढे ढकलायला सांगा, आमचा मॅनेजर आता स्वतःच विचारतो, तुतारी की कोकणकन्या.